घटक ४ : एदुआर ल्युका – एका संख्येचा शोध आणि एक आयुष्य

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर तुम्हाला –
• एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाच्या जीवनाची रूपरेषा सांगता येईल;
• त्यांच्या नावाशी निगडित असलेल्या ३९ अंकी संख्येचे गुणधर्म स्वतःच्या शब्दांत स्पष्ट करता येतील;
• नोंद आणि आख्यायिका यांतील भेद चरित्रलेखनात कसा सांभाळावा, हे विशद करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रांनो, संत, समाजसुधारक वा लेखक यांचे चरित्र लिहिणाऱ्याच्या हाताशी प्रसंग असतात. गणितज्ञाच्या चरित्रकारापुढे निराळीच अडचण उभी राहते. त्याच्या नायकाच्या आयुष्यातील सर्वांत मोठी घटना कागदावर, एकांतात आणि अंकांच्या भाषेत घडलेली असते. ती वगळली तर चरित्र पोकळ होते आणि तिचा अर्थ न सांगता नुसता उल्लेख केला, तर वाचकाच्या हाती काहीच लागत नाही. म्हणून या घटकात आपण एका माणसाबरोबर एका संख्येचाही परिचय करून घेणार आहोत. ती संख्या अशी :

१७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७

हिच्यात ३९ अंक आहेत. एकं, दहं, शतं अशी सुरू होणारी आपली परंपरागत संख्यानामे परार्धापाशी थांबतात. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. परार्धाची परार्धपट केली आणि आलेल्या संख्येची पुन्हा सतरा हजार पट केली, तरीही आपण वरील संख्येच्या किंचित अलीकडेच राहतो. मात्र गणिताच्या भाषेत तिचे नाव अगदी आटोपशीर आहे. २ ला २ ने गुणत जाऊन २ चा १२७ वा घात काढावा आणि त्यातून १ वजा करावा. या संख्येला १ आणि ती स्वतः यांखेरीज कोणत्याही संख्येने निःशेष भाग जात नाही. म्हणजे ती मूळ संख्या आहे. हे १८७६ मध्ये ल्युका यांनी यंत्राच्या साहाय्यावाचून दाखवून दिले.

४.२ जन्म, शिक्षण आणि उमेदवारी

फ्रान्स्वा एदुआर आनातोल ल्युका यांचा जन्म ४ एप्रिल १८४२ रोजी उत्तर फ्रान्समधील आमियाँ या नगरात झाला. इंग्रजी वळणाने त्यांचे आडनाव लुकास असेही लिहिले जाते. परंतु फ्रेंच उच्चारात शेवटचा स अनुच्चारित राहतो. शिक्षण पूर्ण झाल्यावर ते पॅरिसच्या वेधशाळेत रुजू झाले. नेपच्यून ग्रहाचे स्थान केवळ गणिताच्या बळावर वर्तवणारे लव्हेरिए हे तेव्हा त्या वेधशाळेचे प्रमुख होते. खगोलशास्त्रीय आकडेमोड ही चिकाटीची आणि अचूकतेची शाळाच असते. ल्युका यांच्या पुढील कार्याकडे पाहता ही उमेदवारी त्यांना उपयोगी पडली असावी, असे मानण्यास जागा आहे.

१८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले. ल्युका यांनी तोफखान्यात अधिकारी म्हणून काम केले. फ्रान्सच्या पराभवानंतर ते वेधशाळेत परतले नाहीत. मूलाँ या लहान शहरातील विद्यालयात त्यांनी अध्यापन स्वीकारले. पुढे ते पॅरिसमध्ये आले आणि शार्लमान्य व सँ-लुई या नामांकित विद्यालयांत गणित शिकवू लागले. विद्यापीठातील अध्यासन त्यांच्या वाट्याला आले नाही. वर्ग, परीक्षा आणि वह्या यांतून उरलेल्या वेळातच त्यांचे संशोधन चालले.

४.३ एका यादीचे आव्हान

ल्युका यांनी हाती घेतलेला प्रश्न जुना होता. युक्लिडच्या काळापासून परिपूर्ण संख्यांविषयी कुतूहल होते. ज्या संख्येच्या स्वतःहून लहान असलेल्या सर्व विभाजकांची बेरीज त्या संख्येइतकीच येते, ती परिपूर्ण संख्या. ६ चे असे विभाजक १, २ आणि ३. त्यांची बेरीज ६. याचप्रमाणे २८, ४९६ आणि ८१२८ याही परिपूर्ण संख्या आहेत. २ च्या एखाद्या घातातून १ वजा केल्यावर मूळ संख्या मिळाली, तर तिच्यावरून एक परिपूर्ण संख्या तयार करता येते, हे युक्लिडने सिद्ध केले होते.

असे घात कोणते? घातांक स्वतः मूळ संख्या असणे आवश्यक आहे, परंतु तेवढे पुरेसे नाही. ११ ही मूळ संख्या आहे. पण २ च्या ११ व्या घातातून १ वजा केल्यावर येणारी २०४७ ही संख्या २३ आणि ८९ यांचा गुणाकार आहे. १६४४ मध्ये मारँ मेर्सेन या फ्रेंच धर्मोपदेशकाने २५७ पर्यंतच्या घातांकांची यादी प्रसिद्ध केली : २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७. यादीला सिद्धता जोडलेली नव्हती. ३१ या घातांकाची संख्या, म्हणजे २,१४,७४,८३,६४७, मूळ असल्याचे ऑयलर यांनी १७७२ मध्ये सिद्ध केले. त्यापुढील ६७, १२७ आणि २५७ यांची शहानिशा व्हायची होती.

येथे अडचण केवळ श्रमाची नव्हती. एखादी संख्या मूळ आहे का, हे पाहण्याची सरळ रीत म्हणजे तिच्या वर्गमूळापर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून पाहणे. आपल्या ३९ अंकी संख्येचे वर्गमूळच वीस अंकी, म्हणजे १३० परार्धांच्या आसपास आहे. सेकंदाला एक भागाकार केला, तरी शेकडो कोटी वर्षे लागतील. सरळ वाट बंद असल्याने ल्युका यांना दुसरी वाट शोधावी लागली.

४.४ भागाकार न करता घेतलेली परीक्षा

ल्युका यांचा आवडता विषय होता आवर्ती श्रेणींचा. १, १, २, ३, ५, ८, १३ अशा, आधीच्या दोन पदांच्या बेरजेतून पुढे जाणाऱ्या श्रेणीला फिबोनाची या मध्ययुगीन इटालियन गणितज्ञाचे नाव ल्युका यांनीच रूढ केले. मराठीच्या विद्यार्थ्याने येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. लघूची एक आणि गुरूची दोन मात्रा धरून ठरावीक मात्रांचा चरण किती प्रकारे साधता येईल, हा प्रश्न भारतीय छंदःशास्त्रात विचारला गेला होता आणि बाराव्या शतकात हेमचंद्राने दिलेल्या उत्तरात याच संख्या येतात.

या श्रेणीची एक बहीण आहे. तिची सुरुवात १ आणि ३ ने होते : १, ३, ४, ७, ११, १८, २९, ४७. आज ही ल्युका श्रेणी म्हणून ओळखली जाते. तिच्यातील दुसरे पद ३, चौथे ७ आणि आठवे ४७. या निवडक पदांमध्ये एक सोपा संबंध आहे : प्रत्येकाचा वर्ग करून २ वजा केले की पुढचे मिळते. ३ चा वर्ग ९, वजा २, म्हणजे ७. ७ चा वर्ग ४९, वजा २, म्हणजे ४७. ल्युका यांची परीक्षा याच साखळीवर उभी आहे.

घातांक मूळ संख्या असावा आणि त्याला ४ ने भागल्यास बाकी ३ उरावी. अशा वेळी ३ पासून वरील साखळी सुरू करावी आणि प्रत्येक पायरीवर तपासावयाच्या संख्येने भागून फक्त बाकी ठेवावी. घातांकापेक्षा एकाने कमी इतक्या क्रमांकाचे पद शून्य आले, तर संख्या मूळ. न आले, तर संयुक्त.

करून पाहा : २ च्या ७ व्या घातातून १ वजा केल्यावर १२७ येतात. घातांक ७ असल्याने सहावे पद पाहायचे. पहिली तीन पदे ३, ७, ४७. ४७ च्या वर्गातून २ वजा केल्यास २२०७. १२७ ने भागता बाकी ४८. ४८ च्या वर्गातून २ वजा केल्यास २३०२, बाकी १६. १६ च्या वर्गातून २ वजा केल्यास २५४. ही १२७ ची दुप्पट, म्हणून बाकी शून्य. सहावे पद शून्य आले. अर्थात १२७ ही मूळ संख्या आहे. आता हीच कृती २०४७ साठी करा. घातांक ११ असल्याने दहावे पद पाहावे लागेल. ते १०३४ येते, शून्य येत नाही. २३ आणि ८९ हे अवयव न शोधताही २०४७ संयुक्त असल्याचे त्यावरून कळते.

४.५ १२७ घरांचा पट

आपल्या ३९ अंकी संख्येचा घातांक १२७. त्याला ४ ने भागल्यास बाकी ३ उरते, म्हणून ही परीक्षा तिला लागू पडते. मात्र येथे १२६ वे पद पाहायचे आहे. म्हणजे १२५ वेळा वर्ग करायचा आणि तितक्याच वेळा बाकी काढायची; काही पायऱ्यांनंतर प्रत्येक वर्ग ३९ अंकांच्या आसपासच्या संख्येचा. एका पायरीतील एका अंकाची चूक पुढील सर्व श्रम वाया घालवण्यास पुरेशी होती.

हे ओझे हलके करण्यासाठी ल्युका यांनी दशमान पद्धत बाजूला ठेवून द्विमान पद्धतीचा आश्रय घेतला. तीत ० आणि १ एवढे दोनच अंक असतात. बुद्धिबळाच्या पटासारखा, पण उभी-आडवी १२७ घरे असलेला पट त्यांनी योजला. सोंगटी असलेले घर म्हणजे १, रिकामे घर म्हणजे ०. गुणाकार म्हणजे सोंगट्यांच्या ओळी एकेक घर सरकवून मांडणे आणि बेरीज म्हणजे दोन सोंगट्या उचलून शेजारच्या घरात एक ठेवणे. भागाकाराची तर गरजच उरत नव्हती. २ च्या १२७ व्या घाताला आपल्या संख्येने भागल्यास बाकी १ उरते; म्हणून १२७ व्या घराच्या पलीकडे जाणारी सोंगटी पुन्हा पहिल्या घरापासून मोजली की बाकी आपोआप निघत होती. द्विमान पद्धतीत ही संख्या स्वतः १२७ एकांची सलग ओळ आहे. दशमान लेखनात आडदांड दिसणारी संख्या वेगळ्या लिपीत किती सुबक होते, याचे हे उदाहरण आहे.

संख्येचा आणखी एक विशेष त्या काळी लक्षात आला. २ च्या २ ऱ्या घातातून १ वजा केल्यास ३; ३ ऱ्या घातातून ७; ७ व्या घातातून १२७ आणि १२७ व्या घातातून आपली संख्या. साखळीतील प्रत्येक कडी मूळ संख्या आहे. पुढची कडीही तशीच निघेल का, हा विचार काताल्राँ या नावाने नव्हे, तर कातालाँ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गणितज्ञाने मांडला; तो आजही अनिर्णित आहे.

४.६ अवयवांवाचून आलेला निर्णय

१८७६ मध्येच ल्युका यांनी मेर्सेनच्या यादीतील ६७ हा घातांक चुकीचा असल्याचे सांगितले. ती २१ अंकी संख्या संयुक्त होती. पण तिचे अवयव कोणते, हे त्यांना सांगता येत नव्हते. व्यवहारात हे विचित्र वाटते. घडा फुटका आहे असे म्हणणाऱ्याने चीर दाखवावी, अशी आपली अपेक्षा असते. ल्युका यांच्या पद्धतीने मात्र चीर न दाखवता घडा फुटका असल्याची खात्री दिली. तिचे अवयव १९०३ मध्ये अमेरिकन गणितज्ञ फ्रँक कोल यांनी शोधले : १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. तोवर ल्युका यांना जाऊन बारा वर्षे झाली होती.

ल्युका यांनी आपला सिद्धांत १८७८ मध्ये एका अमेरिकन गणितविषयक नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात विस्ताराने मांडला. त्यांची दृष्टी अचूक होती; परंतु सिद्धतेतील सर्व दुवे त्यांनी पूर्ण केले नाहीत. त्या काळी फ्रान्समध्ये अंकशास्त्राला फारशी प्रतिष्ठा नव्हती आणि हे काम पुढे नेणारी शिष्यपरंपराही त्यांच्यामागे उभी राहिली नाही.

४.७ शिक्षक आणि खेळिया

ल्युका यांना गणित लोकांपर्यंत नेण्याची विलक्षण हौस होती. गणिती मनोरंजनावरील त्यांची ग्रंथमाला १८८२ पासून प्रसिद्ध होऊ लागली. १८८३ मध्ये त्यांनी हनोईचा मनोरा हे कोडे बाजारात आणले. तीन खुंट्या, एका खुंटीवर लहानमोठ्या चकत्यांची उतरंड. एका वेळी एकच चकती हलवायची आणि मोठी चकती लहानीवर कधीही ठेवायची नाही. खेळावर कर्त्याचे नाव होते सयामचा एन. क्लॉस. रोमन लिपीतील अक्षरांची फिरवाफिरव केली की त्यातून आमियाँचा ल्युका हे नाव निघते. त्या काल्पनिक मँडरिनच्या विद्यालयाचे नावही सँ-लुई या अक्षरांतूनच घडवले होते.

या खेळाभोवती काशीच्या मंदिराची एक कथा गुंफली गेली. तेथे हिऱ्याच्या तीन सुयांवर सोन्याच्या ६४ चकत्या असून पुजारी त्या अहोरात्र हलवत असतात आणि काम संपताच जगाचा अंत होईल, अशी ती कथा. ती युरोपातच रचलेली आहे. तिच्यातील गणित मात्र खरे आहे. ६४ चकत्यांसाठी लागणाऱ्या चाली म्हणजे २ चा ६४ वा घात वजा १, अर्थात १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. सेकंदाला एक चाल धरली, तर सुमारे ५८ हजार कोटी वर्षे लागतील. विद्यालयातील मुलांच्या हाती दिलेल्या खेळण्यातही ल्युका यांनी आपल्या आवडत्या जातीचीच संख्या दडवली होती!

४.८ अखेर

१८९१ मध्ये ल्युका यांच्या अंकशास्त्रावरील मोठ्या ग्रंथाचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी विज्ञानप्रसारासाठी कार्य करणाऱ्या फ्रेंच संस्थेच्या वार्षिक अधिवेशनास ते गेले होते. तेथील मेजवानीत वाढप्याच्या हातून चिनी मातीची भांडी पडली आणि उडालेला एक तुकडा ल्युका यांच्या गालाला लागला. जखम लहान होती; पण ती चिघळली, संसर्ग झाला आणि ३ ऑक्टोबर १८९१ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे वय अवघे ४९ होते. प्रतिजैविके उपलब्ध होण्यास अद्याप अर्धशतक होते. मोठ्या ग्रंथाचे पुढील खंड निघालेच नाहीत. मनोरंजक गणिताच्या मालेतील शेवटचे दोन खंड मात्र त्यांच्या पश्चात प्रकाशित झाले.

४.९ संख्येचे पुढील आयुष्य

ल्युका यांची संख्या १९५१ पर्यंत, म्हणजे ७५ वर्षे, ज्ञात असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या होती. यंत्रावाचून तपासलेल्या मूळ संख्यांत आजही तिच्याहून मोठी संख्या नाही. १९५१ मध्ये केंब्रिजच्या संगणकाने ७९ अंकी मूळ संख्या शोधली, तीही ल्युका यांच्याच संख्येचा वर्ग करून, त्याची १८० पट घेऊन आणि १ मिळवून. दरम्यान मेर्सेनच्या यादीचा हिशेबही पुरा झाला : ६७ आणि २५७ हे घातांक चुकीचे निघाले, तर ६१, ८९ आणि १०७ हे सुटलेले आढळले. १२७ मात्र टिकला.

१९३० मध्ये अमेरिकन गणितज्ञ डेरिक हेन्री लेमर यांनी ल्युका यांच्या पद्धतीला निर्दोष सिद्धता आणि अधिक सुटसुटीत रूप दिले. ल्युका-लेमर कसोटी या नावाने ती संगणकांवर वापरली जाते. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली ४,१०,२४,३२० अंकी मूळ संख्याही अखेर याच कसोटीवर पक्की करण्यात आली. तिचे मर्म एका विद्यालयीन शिक्षकाने सोंगट्यांच्या पटावर पडताळलेले होते.

४.१० चरित्रलेखनाच्या दृष्टीने

या चरित्रातून दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली, चरित्रनायकाचे कार्य समजावून सांगणे हे चरित्राचे अंग आहे. ते परिशिष्टात ढकलता येत नाही. ल्युका यांची चिकाटी प्रशंसेच्या विशेषणांतून कळत नाही, १२५ वर्गांच्या हिशेबातून कळते. दुसरी, आख्यायिका आकर्षक असली, तरी तिचे स्थान ओळखून ती सांगावी. काशीची कथा ल्युका यांच्या खेळाच्या लोकप्रियतेविषयी सांगते. काशीविषयी काहीही सांगत नाही. याउलट, ताटाच्या तुकड्याने ओढवलेला मृत्यू कादंबरीतला वाटला, तरी तो चरित्राचाच भाग आहे. अविश्वसनीय वाटणे आणि असत्य असणे या भिन्न गोष्टी आहेत, हे चरित्रकाराने विसरू नये.

४.११ सारांश

एदुआर ल्युका (१८४२–१८९१) यांनी वेधशाळा, युद्धभूमी आणि विद्यालय अशा तीन क्षेत्रांत काम केले. २ च्या १२७ व्या घातातून १ वजा केल्यावर येणारी ३९ अंकी संख्या मूळ असल्याचे त्यांनी १८७६ मध्ये दाखवले. त्यासाठी त्यांनी भागाकारांची अशक्य वाट सोडून आवर्ती श्रेणीवर आधारलेली परीक्षा योजली. संख्येचे अवयव माहीत नसतानाही ती संयुक्त असल्याचा निर्णय देता येतो, हे त्यांच्या कार्यातून पुढे आले. हयातीत त्यांना उच्च अध्यासन लाभले नाही. तथापि त्यांची कसोटी आजही वापरात आहे.

४.१२ स्वाध्याय

१. मूळ संख्या, संयुक्त संख्या आणि परिपूर्ण संख्या या संज्ञा प्रत्येकी एका उदाहरणासह स्पष्ट करा.
२. ल्युका यांच्या परीक्षेने ७ ही संख्या तपासून पाहा. (घातांक ३ असल्याने दुसरे पद पाहावे.)
३. द्विमान पद्धतीमुळे ल्युका यांचे श्रम कसे कमी झाले, ते आठ-दहा ओळींत लिहा.
४. एकं ते परार्ध ही संख्यानामे क्रमाने लिहा. त्यांपैकी कोणती नावे आजच्या बोलीत वापरली जातात आणि कोणती मागे पडली, याची नोंद करा.
५. तुमच्या परिसरातील, आता हयात नसलेल्या एखाद्या कारागिराचे किंवा शिक्षकाचे ३०० शब्दांचे चरित्र लिहा. त्यांच्या कामाची एक कृती वाचकाला नेमकी समजेल अशी सांगा आणि ऐकीव गोष्टी नोंदींपासून वेगळ्या ठेवा.